खिरापत ओळखा पाहू!

सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की पाटावर हत्ती काढून फेर धरायचा, हे आपण लहानपणापासून करत आलो. कुणी त्याला भोंडला म्हणतं, तर कोल्हापूर-सांगलीकडे हादगा. विदर्भ-खानदेशातली भुलाबाई ही याचीच बहीण!

पण वाडे पडून इमारती आल्या नि अंगणं गेली. दोन वर्षं आम्ही गच्चीवर फेर धरला, दोन्ही वेळा पावसानं हत्तीला आंघोळ घातली. गेल्या वर्षी कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार आपणहून म्हणाले, "वहिनी, गोदामापुढची शेड मोकळीच असते, वापरा की!" शिवाय खिरापतीला फरसाणाची पाकिटं देणार होते आणि हत्तीमागे दुकानाचा मोठा फलक लावणार होते.

आम्हा बायकांची बैठक बसली. फुकट मिळतंय, तर नाही कशाला म्हणायचं, असं बऱ्याच जणींना वाटलं. तेवढ्यात शेजारच्या आक्का म्हणाल्या, "अगं, पाकीट दिसल्यावर ओळखायचं काय?"

खरंच की! झाकलेला डबा कानाशी वाजवायचा, गोड की तिखट विचारायचं, यातच तर सारी गंमत! दुकानदारांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून येताना भीत भीतच गेले. ऐकून ते क्षणभर गप्प झाले. गेली शेड हातची, असं मला वाटलं. पण ते हसून म्हणाले, "म्हणजे मी नुसता शिधा द्यायचा. चालेल!" फलक बाहेर दाराशी लागला.

रवा, गूळ, पोहे, डाळं, शेंगदाणे त्यांचे, करणं आमचं. पण कोणी काय नेलं, हे त्यांना ठाऊक! मुली रोज दुकानात, "काका, सांगा ना!" काकांनी ओठ उघडले नाहीत.

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांनाच ओळखायला बसवलं. लाडू, चिवडा, चिक्की, सगळं सांगून थकले. आक्कांनी झाकण काढलं, तर घरच्या भाजणीचे वडे! त्यांच्या दुकानातलं काहीच नेलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मदत जरूर घ्या, पण पैशांपेक्षा जिन्नस मागा. देणाऱ्याचं नाव कुठं लागेल, हे आधीच ठरवा. उरलेला शिधा मोजून परत करा. आणि एक खिरापत तरी अगदी घरची ठेवा!