दमसास

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली भरलेल्या वार्षिक क्रीडासंमेलनात लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी जे धावपटू उतरले होते, त्यांत बरेचसे शेतकरी होते, ते अनवाणी धावत होते आणि शास्त्रोक्त तालीम म्हणजे काय याची गंधवार्ताही त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हती. तरीही त्यांनी नोंदवलेल्या वेळा पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा विस्मित झाले, आणि त्या विस्मयातूनच पुढील वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ रवाना झाला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले यांनी २२ ऑगस्ट १९२० रोजी ४२.७५ किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्या दिवशीचा विजेता, फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, त्यांच्यापुढे सुमारे अठरा मिनिटे होता. हे अंतर कशाचे होते, पायांचे, फुप्फुसांचे, अन्नाचे की मनाचे, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर देण्याची ऐपत जगातील कोणत्याच प्रयोगशाळेत नव्हती.

मराठीत ‘दम’ हा शब्द फार मोठा कारभार सांभाळतो. दम लागतो तो छातीला, दम धरायचा तो मनाने. दमतो तो देह, आणि ज्याच्यात दम आहे असे आपण म्हणतो, त्याच्या देहाविषयी बोलतो की धैर्याविषयी, हे आपण स्वतःलाही कधी विचारत नाही. भाषेने ज्या दोन गोष्टी एकाच शब्दात नांदवल्या, त्या शरीरशास्त्राने प्रथम वेगळ्या केल्या आणि शंभर वर्षांच्या खटाटोपानंतर पुन्हा एकत्र आणल्या. लांब शर्यतीची तालीम घेणाऱ्या माणसापुढे जी आव्हाने उभी राहतात, ती समजून घ्यायची तर हा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो.

इटलीतील तूरिन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८९१ मध्ये थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी एक श्रमलेखक यंत्र तयार केले होते. त्यात एका बोटाने वजन पुनःपुन्हा उचलायचे आणि बोटाची शक्ती कशी क्षीण होत जाते याची रेषा कागदावर उमटायची. मोस्सो यांचे एक सहकारी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले, म्हणजे दिवसभर खुर्चीवर बसून केवळ बुद्धीचे काम करून आले, आणि त्यांचे बोट यंत्राला लावले असता त्याची शक्ती नेहमीपेक्षा पुष्कळच उणी भरली. बोटाने तर काहीच केले नव्हते! परंतु पुढील पिढीला हे निरीक्षण अडगळीत टाकावेसे वाटले, कारण तिला याहून अधिक मोजता येण्याजोगे काही सापडले होते. १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी आर्चिबाल्ड हिल यांनी मँचेस्टरमध्ये, श्वास साठवण्याची पिशवी स्वतःच्याच पाठीवर बांधून धावत, माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो याचे मापन केले. तेव्हापासून देह म्हणजे एक इंजिन, प्राणवायू व इंधन हा त्याचा पुरवठा आणि पुरवठा तुटला की इंजिन बंद, हाच विचार दीर्घकाळ अंमल गाजवीत राहिला.

त्या विचारात तथ्य नव्हते असे मुळीच नाही. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर तेथील डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा जे गलितगात्र होऊन आले होते त्यांच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेली आढळली. पुढील वर्षी धावपटूंना वाटेत साखरेच्या गोळ्या देण्यात आल्या आणि ती अवस्था टळली. स्नायूंच्या आतले कोठार मात्र १९६० नंतरच्या दशकात स्टॉकहोममध्ये उघडले. योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोघा संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला: एकाच सायकलयंत्राच्या दोन बाजूंना बसून दोघांनीही एकेका पायाने, तो पाय पार थकेपर्यंत, पॅडल मारले, दुसरा पाय स्वस्थ ठेवला, मग तीन दिवस पिष्टमय आहार घेऊन दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे कण सुईने काढून तपासले. राबलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या शर्करेचा, संचय स्वस्थ पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता. कोठार रिते केल्याखेरीज ते मोठे होत नाही, हे तालमीचे एक मूलभूत सत्य दोन पायांच्या तुलनेतून असे हाती आले.

हिशेब साधा आहे. एक किलो वजन एक किलोमीटर धावत नेण्यास ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अडीच हजार किलोकॅलरी लागणार. स्नायू व यकृत यांतील शर्करेची शिल्लक, उत्तम आहार घेतला तरी, दोन हजारांच्या आसपास. उरलेली तूट चरबीने भरून काढायची. चरबी तर सडपातळ माणसाजवळही कित्येक दिवस पुरेल एवढी असते, पण ती जाळायला प्राणवायू अधिक लागतो आणि तिची रसद संथ गतीने येते. ज्याने आरंभी उतावळेपणाने वेग घेतला, त्याची साखर तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरपाशी सरते आणि धावपटू ज्याला ‘वॉल लागली’ म्हणतात ती अवस्था येते: पाय शिशाचे होतात, विचार धूसर होतात आणि साधी बेरीजही सुचेनाशी होते, कारण मेंदूचे अन्न मुख्यतः तीच साखर असते.

येथपर्यंतचे आव्हान आहाराने आणि संयमाने पेलता येते. खरी अडचण निराळीच आहे, आणि तिच्याविषयी जेवढे बोलले जायला हवे तेवढे बोलले जात नाही असे मला मनापासून वाटते. शरीराचे निरनिराळे भाग तालमीला निरनिराळ्या गतीने प्रतिसाद देतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त बाहेर पडते आणि परवापर्यंत छाती भरून आणणारा चढ आज सोपा वाटू लागतो. त्यानंतर स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होत जाते. पेशींतील मायटोकाँड्रिया, ज्यांना पेशींच्या भट्ट्या म्हणता येईल, संख्येने व सामर्थ्याने वाढतात. अमेरिकेतील जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये काही आठवडे धाववलेल्या उंदरांच्या स्नायूंत या भट्ट्यांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखवून दिले. अस्थींचा कारभार मात्र धिमा. ताण पडला की हाड आधी झिजवले जाते आणि मग भरले जाते: जुने द्रव्य खरवडून काढणाऱ्या पेशी प्रथम येऊन सुमारे तीन आठवड्यांत आपले काम उरकतात, आणि नवे द्रव्य रचणाऱ्या पेशी मागाहून येऊन तीनएक महिने राबत राहतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा मजबूत नसते, उलट दुबळे असते. टाचेच्या कंडरेची गोष्ट याहूनही विलक्षण. अण्वस्त्रांच्या चाचण्यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कर्बाचा माग काढून डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवले, की त्या कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षानंतर जवळजवळ नव्याने घडतच नाही. तिशीत वा चाळिशीत धावू लागलेला माणूस आपल्या किशोरवयातल्या दोरीवर भार टाकीत असतो.

दम आधी येतो आणि हाड मागून येते. तिसऱ्या महिन्यात जेव्हा श्वास सुरळीत चालतो, भूक लागते, झोप गाढ येते आणि आपण पूर्वी कधीच एवढे सशक्त नव्हतो अशी खात्री पटते, त्या वेळीही नडगीचे हाड अजून नाजूक अवस्थेत असू शकते. हे मी ग्रंथातून शिकलो तसे स्वतःच्या पायावरूनही शिकलो. नडगीच्या आतल्या कडेला बोटाएवढ्या जागेत दुखू लागले, तेव्हा ती मनाची दुर्बलता समजून मी अकरा दिवस तसाच धावत राहिलो. बाराव्या दिवशी जिना उतरता येईना, आणि तपासणीत हाडाला सूक्ष्म चीर गेल्याचे निघाले. पुढील सहा आठवड्यांत खिडकीशी बसून मी जो विचार केला, त्याचे सार एवढेच की दुखण्याला न जुमानणे म्हणजे निग्रह, ही जी समजूत आपल्याला बालपणापासून दिलेली असते, ती या क्षेत्रात घातक ठरते. स्नायूंचा ठणका दोन्ही पायांत पसरलेला असतो आणि चालू लागले की ओसरतो. हाडाची वेदना एका बिंदूवर बोट ठेवून दाखवता येते आणि पावलागणिक वाढते. हा भेद ओळखायला शिकणे हे दहा किलोमीटर अधिक धावण्याहून कठीण आहे.

आता मनाकडे वळू. वेल्समधील बँगर विद्यापीठात सॅम्युएल मारकोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोळा जणांना एकदा दीड तास एकाग्रतेचे किचकट काम दिले आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवला. त्यानंतर दोन्ही वेळा त्यांना थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. बौद्धिक श्रमानंतर ते सरासरी पंधरा टक्के आधीच थांबले. त्यांचे हृदय वा त्यांचे रक्त निराळे काही सांगत नव्हते. केवळ तोच श्रम त्यांना आरंभापासून अधिक जड वाटत होता. मोस्सोंच्या सहकाऱ्याचे ते बोट एकशे अठरा वर्षांनी असे पुन्हा साक्षीला उभे राहिले. त्याआधी २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांना असे आढळले होते, की शर्करायुक्त द्रावणाची नुसती चूळ भरून ते थुंकून टाकले तरी सायकलस्वारांची तासाभराची कामगिरी जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारते. साखर रक्तात गेलीच नव्हती. जिभेने मेंदूला केवळ रसद येत असल्याची वर्दी दिली होती, आणि तेवढ्यावर मेंदूने खर्चास मंजुरी दिली. केपटाउनचे संशोधक टिम नोक्स यांनी याच दिशेचा एक सिद्धान्त त्याआधीच मांडला होता: थकवा ही देहाची दिवाळखोरी नसून मेंदूने आगाऊ घातलेला निर्बंध आहे, आणि तिजोरी खरोखर रिकामी होण्यापूर्वीच तो कुलूप लावतो. या सिद्धान्ताच्या तपशिलांवर मारकोरांसह अनेकांचे मतभेद आहेत; मात्र थांबण्याचा निर्णय स्नायूत नव्हे तर मेंदूत होतो, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही.

यातून एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. तालमीच्या महिन्यांत मन देहाच्या पुढे धावते आणि त्याला आवरावे लागते. शर्यतीच्या दिवशी तेच मन देहाच्या मागे रेंगाळते आणि त्याला ओढावे लागते. एकाच माणसाने एकाच मनाला प्रथम लगाम आणि नंतर टाच द्यायची, हे या खेळाचे सर्वांत अवघड अंग आहे. दिवसभर कचेरीत आकड्यांशी झुंजून संध्याकाळी धावायला निघालेल्या गृहस्थाला पाय जड वाटले तर त्याने स्वतःला आळशी म्हणून हिणवू नये. त्याच्या मेंदूने सकाळपासून दुसरी शर्यत धावलेली असते. पहाटे साडेचारला उठणारे आपले कित्येक धावपटू ऊन टाळण्यासाठी उठतात हे खरे. परंतु अजून न थकलेले मनही त्यांना त्या घटकेलाच लाभते.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट प्रथम चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. नवखा माणूस चढाला भितो आणि उताराला विसावा समजतो. वस्तुतः उतारावर मांडीचा पुढचा स्नायू आखडत असतानाच ताणला जातो, लगाम खेचीत राहिल्यासारखा, आणि त्या ओढाताणीत त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना येणारा ठणका त्याचाच. सुदैवाने स्नायूंना याची स्मृती राहते: एकदा बेताने उतार धावले, की पुढील कित्येक आठवडे तेवढ्याच उताराने फार कमी इजा होते. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स शर्यतीला जे धावपटू महाराष्ट्रातून जातात, त्यांना असे घाट फार उपयोगी पडतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये सुरू झालेली ही शर्यत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामध्ये सुमारे नव्वद किलोमीटरांची असते, सामान्यतः एक वर्ष चढाच्या दिशेने व एक वर्ष उताराच्या दिशेने, आणि जाणकार धावपटू उताराच्या वर्षाला अधिक वचकून असतात. पहिल्या वर्षी चौतीस जण निघाले आणि सोळा पोहोचले. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले, ही गोष्ट एवढ्या सुंदर शर्यतीच्या इतिहासात सलत राहते.

शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे धावणे निम्म्यावर आणायचे असते. या काळात स्नायूंची डागडुजी पुरी होते आणि कोठारे भरतात; पण धावपटूची मनःस्थिती मात्र फार अवघडलेली असते. सवयीचा श्रम सुटल्याने झोप उडते, नसलेली दुखणी जाणवू लागतात आणि कमावलेले सारे ओसरून चालले आहे अशी धास्ती वाटत राहते. कॉम्रेड्सला गेलेल्या मंडळींशी मी जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा त्यांनी शर्यतीतील टेकड्यांपेक्षा या रिकाम्या दिवसांचेच वर्णन अधिक आवेगाने केले.

त्या शर्यतीची मुदत बारा तासांची आहे. अखेरच्या मिनिटांत जे आत येतात, ते पहाटेच्या अंधारापासून रस्त्यावर असतात; त्यांच्यातील पुष्कळांना गेले दोन तास चालणेही कठीण झालेले असते. परंतु घड्याळ दिसताच ती माणसे पळू लागतात, कोणी परक्याच्या खांद्यावर हात टाकून, कोणी वाकलेल्या कमरेने. स्नायू खरोखरच संपले असते तर ही धाव कोठून आली असती, असे नोक्स विचारतात. रेषेवर एक अधिकारी बंदूक घेऊन उभा असतो आणि तो येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे कोणाचा चेहरा पाहून त्याचा हात क्षणभरही थबकू नये. बंदूक वाजते, रेषा बंद होते, आणि दोन पावले अलीकडे राहिलेला माणूस पदकावाचून, नोंदीवाचून उभा राहतो. त्यानेही नव्वद किलोमीटर पार केलेले असतात.