शिधा घेऊन येणारा पाहुणा

चिखलदऱ्याचा पाऊस ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस येथील श्रावणाचें वर्णन करून सांगावयास नको. धुकें थेट माजघरांत येतें, वाळत घातलेलीं धोतरें आठ आठ दिवस वाळत नाहींत आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. गेल्या श्रावणांत आमच्या घरचा जुना संगणक एकाएकीं रुसला. कळ दाबावी तों पडद्यावर निळा रंग व चार इंग्रजी ओळी. पुढें कांहीं नाहीं. त्या यंत्रांत आमचा कुलवृत्तान्त होता. सात पिढ्यांची वंशावळ, मोडी कागदांचीं आम्हीं केलेलीं लिप्यंतरें आणि आतां हयात नसलेल्या आमच्या थोरल्या वहिनींनीं सांगितलेल्या आठवणी! त्यांतील एकहि अक्षर कागदावर उतरविलेलें नव्हतें.

तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्यानें निदान केलें, "मास्तर, डिस्क पुसून विंडोज नव्यानें घालूं, नाहीं तर यंत्रच नवें घ्या." आम्ही जवळजवळ रुकार देणार होतों. इतक्यांत राखीपौर्णिमेसाठीं पुतण्याची कन्या अमरावतीहून आली. ती म्हणाली, "आजोबा, पुसूं देऊं नका. घर शाबूत असेल; कारभारी तेवढा आजारी पडला आहे."

तिच्या बोलण्याचा अर्थ वाचकांस थोडा फोड करून सांगितला पाहिजे. संगणकाचा सारा व्यवहार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, ती त्या घरचा कारभारी होय. आपला दस्तऐवज डिस्कवर असतो व बहुधा कारभारीहि तेथेंच राहतो. तो बिघडला म्हणजे दस्तऐवज गेला असें आपण समजतों; पण ते दोन निराळे. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा जगापुढें मोफत ठेविला. त्याभोंवतीं अनेकांनीं अनेक कारभारी उभे केले. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनीं २००० सालीं 'नॉपिक्स' नांवाचा असा कारभारी काढिला कीं, तो डिस्कवर बिऱ्हाड न करतां केवळ सीडीवरून सारें काम चालवी. ७०० मेगाबाइटांच्या सीडींत दाबून भरलेलें सुमारें दोन गिगाबाइटांचें सामान लागेल तसें उलगडलें जाई. पुढें 'डॅम स्मॉल लिनक्स'नें सर्व संसार ५० मेगाबाइटांत बसविला. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांची 'पपी लिनक्स' २००३ सालीं आली, तर 'टायनी कोअर' अवघ्या पंचवीसेक मेगाबाइटांवर आपला पडदा मांडते.

आमच्या नातीनें पेनड्राइव्हवरून पपीच आणिली होती. यंत्र सुरू होतांना एक कळ दाबून तिनें त्यास 'आज डिस्कवरून नव्हे, येथून सुरू हो' असें बजावलें. पपी पेनड्राइव्हवरून उठून यंत्राच्या रॅममध्यें, म्हणजे तात्पुरत्या स्मृतींत, जाऊन बसली. जुनें यंत्र, पण चपळाई तरुणाची! डिस्कच्या चित्रावर टिचकी मारतांच आमच्या फायली दिसूं लागल्या. मात्र वहिनींच्या आठवणींची फाईल उघडली तों अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन. आमच्या छातींत धस्स झालें. नात हंसली. पाहुण्याजवळ देवनागरी टंक नव्हता, एवढेंच. तिनें 'लोहित देवनागरी' हा मोफत टंक घातला आणि वहिनींचा शब्द न् शब्द पडद्यावर उमटला. घरांतील बायकांच्या डोळ्यांस पाणी आलें, आमच्याहि आलें. मग सर्व फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरविल्या.

या पाहुण्याची रीत जुन्या यात्रेकरूसारखी आहे. तो आपला शिधा आपण आणतो, आपल्या चुलीपुरती जागा मागतो आणि जातांना मागें कांहीं ठेवीत नाहीं. पण यांतच मेख आहे. दुसऱ्याच दिवशीं पपीवर आम्हीं दोन पानें लिहिलीं, जतन केलीं नाहींत, आणि वीज गेली. रॅममधील सारें विजेबरोबर जातें, पानें गेलीं. लिहिलेलें पेनड्राइव्हवर अथवा डिस्कवर वेळोवेळीं जतन करावें, हा धडा आम्ही साठी उलटल्यावर शिकलों.

आणखी तीन सूचना. पेनड्राइव्ह यासाठीं तयार करतांना त्यावरील पूर्वीचें सर्व पुसलें जातें. म्हणून रिकामाच घ्यावा. डिस्क स्वतःच यंत्रदृष्ट्या निकामी झाली असेल तर हा उपाय चालणार नाहीं. आणि आम्हांस संकेतशब्दावांचून फायली दिसल्या तशा त्या परक्यासहि दिसतील. खाजगी कागद सांकेतिक कुलपांत ठेवावे.

मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नियमित निगा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्यामुळें कित्येक घरांतील सुस्थितींतील यंत्रें अडगळींत जातील. टाकण्यापूर्वीं हा पाहुणा एकदां घरीं बोलवावा. सी-डॅक या शासकीय संस्थेची 'बॉस' ही लिनक्स २००७ पासून आहे व तींत मराठीहि आहे. ती मात्र इतकी हलकी नव्हे.

असो. आमच्या कुलवृत्तान्ताच्या आतां तीन प्रती आहेत. एक पेनड्राइव्हवर, एक अमरावतीस नातीपाशीं आणि एक कागदावर, देवघराच्या फडताळांत. चौथी करण्याचा विचार चालू आहे.