पाचच गोळ्या का?

अमेरिकेतल्या एखाद्या बंदुकांच्या दुकानात काचेखाली मांडलेली रिव्हॉल्व्हरं बघत पुढे सरकलं, की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. मध्यम ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या बसतात, काहींत सात-आठसुद्धा. आणि जी सगळ्यांत दांडगी, सगळ्यांत महाग, ज्यांच्या भरवशावर माणूस अस्वलांच्या मुलखात पाऊल टाकतो, त्यांच्यात मात्र बहुतेक वेळा पाचच! पैसे जास्त मोजायचे आणि गोळी एक कमी? (खिशातल्या चिमुकल्या रिव्हॉल्व्हरमध्येही पाचच असतात, पण तिथे जागाच नसते.)

कागद-पेन्सिल घ्या आणि एक वर्तुळ काढा. हा आपला सिलिंडर. त्यात सारख्या अंतरावर सहा भोकं काढा, त्यातलं एक अगदी वर. बंदुकीची नळी या वरच्या भोकासमोर आहे. बार निघण्याच्या क्षणी सिलिंडर तसूभरही हलता कामा नये, म्हणून खालून एक छोटा खटका वर येतो आणि सिलिंडरच्या अंगावर कोरलेल्या खाचेत घट्ट बसतो. आता बघा, वर एक भोक असेल तर त्याच्या बरोबर खाली काय येतं? दुसरं भोक. म्हणजे खाच कोरायची कुठे, तर भोकाच्या पाठीवर, जिथे पोलाद आधीच सगळ्यांत पातळ आहे.

आता तेच वर्तुळ पाच भोकांचं काढा. वर एक भोक, आणि खाली? दोन भोकांच्या मधलं भरीव पोलाद! खाच आपोआप सगळ्यांत जाड जागी सरकली. शिवाय भोक एक कमी झाल्याने उरलेल्या भोकांमधल्या भिंतीही जाड झाल्या. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कारखानदार खाच थोडी बाजूला सरकवून वेळ मारून नेतात, पण पाचमध्ये हे वर्तुळाच्या भूमितीतूनच मिळतं. शाळेत कंपासपेटी घेऊन बसलेल्या मुलाला सुचावी इतकी ही साधी गोष्ट आहे. तिच्याशिवाय आज हातात धरता येणारी सगळ्यांत ताकदवान रिव्हॉल्व्हरं बनवणं फार अवघड गेलं असतं.

पण इतकी ताकद हवी कुणाला? अमेरिकेत अनेक राज्यांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, रायफलऐवजी रिव्हॉल्व्हरने शिकार करण्याचा छंद आहे. हरीण, रानडुक्कर, काळं अस्वल ही त्यातली नेहमीची जनावरं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला, आणि तो संपला हे बरंच झालं. तरीही हे यंत्र आतून बघण्यासारखं आहे, कारण ते एक जवळजवळ अशक्य मागणी पुरी करायला निघालेलं आहे. खांद्याला टेकवून, दोन हातांनी पेलायच्या बंदुकीचं काम नुसत्या मनगटावर तोलायचं!

ही मागणी जुनीच आहे. १८४७ साली टेक्सासच्या सॅम्युअल वॉकर नावाच्या कॅप्टनच्या सूचनांवरून सॅम्युअल कोल्टने एक राक्षसी रिव्हॉल्व्हर बनवलं. वजन दोन किलोंहून किंचित जास्त. ते घोड्याच्या खोगिराला अडकवूनच न्यायचं, कारण कमरेला लावलं तर माणूस एका बाजूला कलायचा. त्यात काळी दारू ठासून भरायची. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं, म्हणजे १९३५ साली .३५७ मॅग्नम हे काडतूस येईपर्यंत, ताकदीत त्याच्या पलीकडे गेलेलं कारखान्यात बनलेलं रिव्हॉल्व्हर क्वचितच सापडेल.

मग या गोष्टीत एल्मर कीथ आला. आयडाहोमधला पशुपालक, डोक्यावर भलीमोठी हॅट, तोंडात चिरूट, आणि काडतुसं घरीच भरायचं वेड. १९२०च्या दशकात .४५च्या जुन्या कोल्टमध्ये त्याने इतकी दारू कोंबली की सिलिंडर फुटला आणि सांगाड्याची वरची पट्टी उडाली. दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता. कीथने फुटलेला सिलिंडर न्याहाळला आणि तो .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला. भोक अर्ध्या मिलिमीटरने लहान, म्हणजे त्याच आकाराच्या सिलिंडरची भिंत तेवढी जाड! पुढची कित्येक वर्षं तो त्या काडतुसाला त्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या फार पलीकडे पळवत राहिला आणि कारखान्यांना लेखांतून सांगत राहिला, की हे होतं, तुम्ही करत का नाही?

अखेर १९५५ संपता संपता स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या दोन कंपन्यांनी ते केलं. .४४ मॅग्नम तयार झालं. इथे एक फार सुंदर युक्ती आहे. नव्या काडतुसातली गोळी जुन्या .४४ स्पेशलच्याच जाडीची आहे, दारू भरायची पितळी पुंगळी मात्र सुमारे तीन मिलिमीटरने लांब. का? दारू मावत नव्हती म्हणून नव्हे. कीथ तर जुन्या पुंगळीतच भरपूर दारू भरत होता. पुंगळी लांब केली ती नवं काडतूस चुकूनही जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. ना कुलूप, ना सूचनेची पाटी, फक्त तीन मिलिमीटर पितळ. उलट दिशेने मात्र वाट मोकळी आहे. जुनं सौम्य काडतूस नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये खुशाल चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, निवड करताना ती लागणार आहे.

.४४ मॅग्नमच्या पुंगळीत दाब वातावरणाच्या सुमारे अडीच हजार पटींपर्यंत चढतो. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने निघते. नळीतल्या पेचदार खाचांमुळे ती स्वतःभोवती मिनिटाला पन्नास हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवूडच्या हातात याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर दिसलं आणि दुकानांत ते मिळेनासं झालं. घेणाऱ्यांतल्या किती जणांनी ते दुसऱ्यांदा झाडलं असेल, कोण जाणे!

तोवर युटामध्ये डिक कॅसल नावाचा एक बंदूककारागीर कीथच्याही पुढे निघाला होता. जुन्या कोल्टच्या सांगाड्यात तो खास पोलादाचे, स्वतः बनवलेले सिलिंडर बसवू लागला. आणि त्या सिलिंडरना भोकं किती? पाच! १९५०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या त्याच्या .४५४ कॅसल काडतुसाचा कमाल दाब रायफलच्या काडतुसांच्या बरोबरीचा, किंबहुना .३०-०६ सारख्या नावाजलेल्या रायफलपेक्षाही जास्त आहे. पुढे २००३ साली स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नम आणलं, तेही पाच गोळ्यांचंच. त्याचं सव्वाआठ इंचांहून किंचित लांब नळीचं मॉडेल तराजूत घातलं तर भरतं दोन किलोंच्या वर. म्हणजे दीडशे वर्षांचं धातुशास्त्र ओलांडून आपण पुन्हा वॉकरच्या वजनाशीच आलो.

हे वजन काही कारागिरांच्या आळसातून आलेलं नाही. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, आणि ती किती जोरात मागे येईल हे तिच्या वजनावर ठरतं. त्यामुळे हलकं, खांद्यावर लटकवायला सोपं असं शक्तिमान रिव्हॉल्व्हर म्हणजे हातासाठी शिक्षा. तब्बल दोन किलोंचं .५००सुद्धा सव्वा-दीड किलोच्या .४४ मॅग्नमच्या साधारण दुप्पट ऊर्जेने हातावर आदळतं.

या धक्क्याने आणखी एक अजब गोष्ट होते, आणि मला तरी ती या साऱ्या यंत्रातली सगळ्यांत मजेदार वाटते. एसटी झटक्यात सुटली की उभे प्रवासी जागच्या जागी राहतात आणि गाडी त्यांच्या पायाखालून पुढे जाते. सिलिंडरमध्ये आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या बाकीच्या गोळ्यांचं नेमकं हेच होतं. बंदूक मागे उसळते, पुंगळ्या तिच्याबरोबर मागे खेचल्या जातात, पण जड शिशाच्या गोळ्या जागा सोडायला तयार नसतात. परिणामी न झाडलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या हळूहळू पुंगळीबाहेर डोकावू लागतात! दोन-तीन बार झाले की एखादी इतकी पुढे येते, की सिलिंडर फिरताना सांगाड्यात अडकतो. म्हणून या काडतुसांच्या पुंगळीची कड गोळीच्या खाचेत घट्ट दाबून बसवलेली असते. जाणकार शिकारी नवी काडतुसं घेतली की चार झाडतो आणि पाचवं बाहेर काढून त्याची लांबी मोजतो.

सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी. ती ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार कसा? गोळी भोकातून सुटते, ही फट ओलांडते आणि नळीत शिरते, आणि त्याच क्षणी फटीतून तप्त वायूचा पातळ पडदा दोन्ही बाजूंना फेकला जातो. म्हणून रायफलच्या सवयीने दुसरा हात पुढे नळीखाली नेणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी. .५००च्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे.

आता नेम. रिव्हॉल्व्हर बाजूने नीट पाहिलंत तर नळीच्या टोकावरचा काटा मागच्या खाचेपेक्षा उंच दिसेल. याचा अर्थ काय होतो? काटा आणि खाच एका रेषेत आणून तुम्ही हरणावर नेम धरता, तेव्हा नळी हरणाकडे नसतेच. ती त्याच्या पायांखालच्या जमिनीकडे रोखलेली असते! कारण गोळी नळीतून बाहेर पडायला जो सेकंदाचा हजारावा हिस्सा लागतो, तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं गेलेलं असतं. ही चूक होणार हे गृहीत धरूनच यंत्र घडवलंय. यातूनच एक उफराटा नियम निघतो. जड, संथ गोळी जवळच्या अंतरावर हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. ती नळीत जास्त वेळ रेंगाळते ना, तेवढ्यात नळी आणखी वर जाते.

आणि नेम किती अचूक हवा? काटा आणि खाच यांच्यात वीस सेंटिमीटर अंतर धरा. काटा एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर पन्नास मीटरवर गोळी किती सरकेल? पंचवीस सेंटिमीटर. हरणाच्या काळीज-फुफ्फुसांचा भाग साधारण वीस सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका मिलिमीटरची थरथर, आणि जनावर पोटात किंवा पायात जखमी होऊन झाडीत नाहीसं होणार. लांब नळी घ्यावी ती यासाठी. साडेसात इंच म्हणजे काही मिरवायची हौस नव्हे. दुर्बीण बसवायची तर तीही वेगळी लागते, हात लांब करूनही डोळ्याला चित्र पूर्ण दिसेल अशी. कीथने सहाशे यार्डांवरचं जखमी हरीण .४४ने पाडल्याचं लिहिलं आहे, आणि त्यावर अमेरिकेत आजही वाद रंगतात. आपण पन्नास मीटरचाच विचार करू.

कारण रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलच्या गोळीसारखं काम करतच नाही. रायफलची गोळी वेगाच्या जोरावर आजूबाजूची ऊतकं फाडते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीकडे तेवढा वेग नाही. ती आरपार जाऊन रक्तस्राव घडवते, बस. म्हणून शिकारीची गोळी टोकदार नसते, तिचं तोंड चपटं आणि रुंद असतं. कीथनेच आखलेल्या चपट्या तोंडाच्या गोळीचा साचा आजही विकला जातो. गोळी योग्य जागी, योग्य खोलीपर्यंत गेली तर .४४ आणि .५००च्या परिणामात हरणापुरता फारसा फरक उरत नाही. चुकीच्या जागी गेली तर .५००ही काही वाचवत नाही.

मग निवडायचं काय? अलास्काच्या तपकिरी अस्वलांमध्ये किंवा आफ्रिकेच्या रेड्यांमागे जाणारे मूठभर लोक सोडले, तर .४५४ आणि .५०० ही रिव्हॉल्व्हरं मला तरी अभियांत्रिकीचं कौतुक करण्यापुरतीच वाटतात. ज्या धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटतात, त्या धक्क्यासमोर तो एक मिलिमीटर सांभाळणार कोण? हरीण आणि डुकरासाठी साडेसात इंची नळीचं, सव्वा किलोहून जड .४४ मॅग्नम पुरेसं आहे. पहिले काही महिने त्यात .४४ स्पेशलची सौम्य काडतुसंच झाडावीत, कानावर संरक्षण चढवून. पन्नास मीटरवर सलग पाच गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसत नाहीत तोवर जनावरावर नेम धरू नये.