सिलिंडरचा नंबर असलेल्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स कशी निवडावी?

चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ आणि ‘ॲक्सिस’ असे दोन रकाने असतात. ते भरलेले असले, की कॉन्टॅक्ट लेन्स आपल्याला चालणार नाहीत, असा समज आजही आढळतो. अशा डोळ्यांसाठी टोरिक लेन्स मिळतात. मात्र केवळ चष्म्याचा नंबर सांगून त्या निवडता येत नाहीत. लेन्स डोळ्यावर बसवून पाहणे, हाच निवडीचा खरा आधार होय.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, एका दिशेला अधिक व दुसऱ्या दिशेला कमी गोलाकार असेल, तर प्रकाशकिरण एका बिंदूत एकवटत नाहीत. यालाच अबिंदुकता किंवा ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. सिलिंडर या दोषाचे प्रमाण सांगतो, तर ॲक्सिस त्याची दिशा अंशांत दाखवतो.

चष्म्याची काच चौकटीत पक्की असते. लेन्स मात्र अश्रूंच्या थरावर असते आणि पापणी मिटताना हलते. साधी लेन्स फिरली तरी बिघडत नाही. टोरिक लेन्स १० अंशांनी फिरली, तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश परिणाम नाहीसा होतो. ३० अंशांनी फिरल्यास तिचा उपयोगच उरत नाही. म्हणून काही लेन्सचा खालचा भाग किंचित जाड असतो, तर काहींच्या वरच्या व खालच्या कडा पातळ ठेवून पापण्यांच्या दाबाने त्या स्थिर राखल्या जातात. पापण्यांची ठेवण निरनिराळी असल्याने एकाला सुखकर वाटणारी रचना दुसऱ्याला खुपू शकते.

चाचणीच्या वेळी लेन्स घातल्यावर ती स्थिरावू द्यावी. लेन्सवरील बारीक खूण किती सरकली, हे पाहून तज्ज्ञ ॲक्सिसमध्ये बदल सुचवतात. पापणी मिटल्यावर नजर क्षणभर धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होत असेल, तर लेन्स फिरत असण्याची शक्यता असते. दृष्टी सततच धूसर असेल, तर नंबर तपासून घ्यावा. संध्याकाळी डोळे कोरडे पडत असतील, तर लेन्सचा पदार्थ बदलून पाहता येतो. सिलिकॉन हायड्रोजेलमधून डोळ्याला अधिक ऑक्सिजन मिळतो. ॲलर्जी असणाऱ्यांना किंवा कधीतरीच लेन्स वापरणाऱ्यांना रोज नवी घालायची लेन्स सोयीची, पण ती महाग पडते.

सिलिंडर अगदी अल्प असल्यास साधी लेन्सही पुरेशी ठरते. उलट, तरुण वयात तो झपाट्याने वाढत असेल, तर पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, म्हणजे केराटोकोनस, नाही ना, हे तपासावे. अशा डोळ्यांना बहुधा मऊ लेन्सऐवजी ऑक्सिजन जाऊ देणारी कडक लेन्स उपयुक्त ठरते.

गोव्यात समुद्र, विहीर आणि पावसाळा या तिन्हींचे भान ठेवावे. पाण्यातील अकँथअमीबासारखे जंतू लेन्सखाली अडकून दृष्टीला गंभीर इजा करू शकतात. पोहताना व आंघोळ करताना लेन्स काढावी, ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये आणि झोपण्यापूर्वी आठवणीने काढावी. दुचाकीवर वाऱ्याने डोळे कोरडे पडतात, तेव्हा हेल्मेटची काच खाली असावी.

डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा प्रकाश सहन होईनासा झाला, तर लेन्स तत्काळ काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. सवय होईल म्हणून त्रास सोसत राहू नये. योग्य बसलेली लेन्स खुपत नाही.