हा आळस नव्हे

गेल्या वर्षी वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतला एक मित्र हळूहळू मेसमध्ये जेवायला येईनासा झाला. आधी सकाळचे तास बुडू लागले, मग संध्याकाळचे क्रिकेट सुटले, मग दाढीसुद्धा. ‘नुसत्या झोपा काढतो लेकाचा’, असे आम्ही हसत म्हणत होतो. रात्री दोन वाजता त्याच्या खोलीत दिवा जळत असे, हे मात्र कोणी मनावर घेतले नाही. शेवटी एका सरांनी त्याला जिल्हा रुग्णालयात नेले, तेव्हा कळले की हा आळस नव्हता. त्याला नैराश्याचा आजार झाला होता.

उदास कोण होत नाही? मार्क कमी पडले, मैत्री तुटली, घरी वाद झाला की मन खट्टू होते. पण चार दिवसांनी एखाद्या विनोदावर आपण हसतोही. नैराश्यात असे होत नाही. मन खिन्न असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, ही त्याची मुख्य खूण. ही अवस्था जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकते. सोबत झोप व भूक बिघडते, थकवा येतो, वाचलेले डोक्यात राहत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. कधी मरणाचे विचारही येतात. तरुण वयात पुष्कळदा खिन्नतेऐवजी चिडचिडच दिसते.

याचे कारण एकच नसते. आनुवंशिकता, दीर्घकाळचा ताण, जवळच्या माणसाचा वियोग, व्यसन, थायरॉइडसारखे शारीरिक विकार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. मलेरियाच्या रोग्याला आपण ‘मन खंबीर कर, ताप उतरेल’ असे सांगत नाही. मग इथेच इच्छाशक्तीचा उपदेश कशाला?

आजार आहे तसा उपचारही आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांशी संवाद साधला आणि त्यांची सुटून गेलेली लहानसहान कामे पुन्हा सुरू करून दिली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आजार तीव्र असेल तर औषधेही लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. त्यांची नशा येत नाही. मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

जावे कुठे? विश्वासातल्या प्राध्यापकांशी किंवा घरच्यांशी बोलण्यापासून सुरुवात करता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. ‘लोकांना कळले तर?’ ही धास्ती अनेकांना अडवते. पण मानसिक आजाराविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे.

आणि आपण मित्रांनी काय करावे? उपदेश कमी करावा, ऐकून घ्यावे. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये आणि ‘कुणाला सांगू नकोस’ ही शपथ पाळत बसू नये.

माझा मित्र यंदा पुन्हा वर्गात येतो. औषध चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही जड जातात. ‘तेव्हा तुला आमच्याकडून काय हवे होते?’ असे मी त्याला एकदा विचारले. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘जेवायला चल, एवढे कोणी म्हटले असते तरी चालले असते.’

आमची खोली त्याच्या खोलीला लागून होती.