धर्मसेवेतील निवृत्ती: पद, दीक्षा आणि उत्तरायुष्य

ख्रिस्ती धर्मगुरू निवृत्त होतो तेव्हा त्याचे पद संपते, दीक्षा संपत नाही. कॅथलिक धर्मसंहितेनुसार विधिवत मिळालेली गुरुदीक्षा कधीच रद्द होत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही निवृत्त पाळकाच्या नावाआधीचा ‘रेव्हरंड’ कायम राहतो; विद्यमान पाळकाने बोलावल्यास तो उपासना चालवतो, बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजनाचा विधी करतो. धर्मसेवेतील निवृत्ती इतर नोकऱ्यांतील निवृत्तीहून वेगळी ठरते ती यामुळे.

कॅथलिक चर्चमध्ये निवृत्तीच्या वयाचा नियम तसा अलीकडचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये वार्धक्याने थकलेल्या बिशपांनी आपण होऊन पद सोडावे, असे सुचवले. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी त्यासाठी ७५ वर्षे हे वय ठरवले आणि १९८३ च्या धर्मसंहितेत बिशप व धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू या दोघांसाठीही ते नमूद झाले. मात्र ७५ वर्षे पूर्ण होताच पद आपोआप सुटत नाही. बिशप आपला राजीनामा पोपकडे आणि प्रमुख धर्मगुरू आपल्या बिशपकडे सादर करतो. तो केव्हा स्वीकारायचा, हे वरिष्ठ ठरवतात. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन करणारे थॉमस डाबरे १९९८ मध्ये वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले, २००९ मध्ये पुण्याला गेले आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. पोपपदाला वयाची अट नाही. तरीही सोळावे बेनेडिक्ट यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये वाढते वय आणि घटती शक्ती हे कारण देऊन ते पद सोडले. थकवा मान्य करून बाजूला होणे हेही सेवेचेच अंग आहे, ही गोष्ट त्यामुळे जगभरच्या धर्मगुरूंपुढे ठळकपणे आली.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची वाट निराळी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र उघडले आणि १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या मराठी पाळकांना दीक्षा दिली. पुढे मंडळ्यांचा कारभार हळूहळू देशी पाळकांकडे आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. अशा मंडळ्यांत सेवेची वयोमर्यादा आणि निवृत्तिवेतन त्या त्या मंडळीच्या घटनेनुसार व नियमांनुसार ठरते.

निवृत्तीच्या वेळी मागे वळून पाहायचे ते कोणत्या कामाकडे? त्यातला काही भाग नोंदवह्यांत सापडतो. स्नानसंस्कार, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे हे प्रत्येक कॅथलिक धर्मग्रामाचे बंधनकारक काम आहे. दीर्घ सेवा झालेल्या धर्मगुरूची सही एकाच कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांच्या नावांखाली आढळते. ज्याचा स्नानसंस्कार केला त्याचेच लग्न लावायचे आणि त्याच्या आईवडिलांना मातीही द्यायची, असे हे काम. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणे, भावकीतली भांडणे मिटवणे, शाळेची फी भरू न शकणाऱ्या मुलासाठी दाते शोधणे, पापनिवेदनात ऐकलेले कायमचे मनात ठेवणे या गोष्टी कोणत्याही वहीत चढत नाहीत. सेवेचा मोठा भाग याच कामांत जातो आणि निरोप समारंभात लोक बोलतात तेही याविषयीच.

निवृत्तीचा सर्वांत कठीण व्यावहारिक प्रश्न घराचा असतो. धर्मसंहितेने निवृत्त प्रमुख धर्मगुरूच्या निर्वाहाची आणि निवासाची जबाबदारी बिशपांवर टाकली आहे. प्रॉटेस्टंट पाळक संसारी असतो. पाळकगृह मंडळीचे असल्याने निवृत्त होताच कुटुंबाला ते सोडावे लागते. दर काही वर्षांच्या बदल्यांत मुलांच्या शाळा बदललेल्या असतात आणि तुटपुंज्या पगारात स्वतःचे घर झालेले नसते. पाळकिणीने बिनपगारी केलेल्या कामाचा हिशेब तर कुठेच नसतो. ज्या मंडळीने एका माणसाची उमेदीची सारी वर्षे घेतली, तिने त्याच्या म्हातारपणाची तजवीज करणे ही मेहरबानी नाही, ते तिचे कर्तव्य आहे.

निवृत्तीनंतरही साधे संकेत पाळावे लागतात. जुन्या मंडळीच्या कारभारात लक्ष घालायचे नाही, नव्या पाळकाच्या निर्णयांवर मत द्यायचे नाही आणि लग्न-अंत्यविधीसाठी जुन्या स्नेह्यांनी परस्पर बोलावले तरी आधी विद्यमान पाळकाची संमती घ्यायची. माणसांशी जुळलेले नाते राखून केवळ अधिकार सोडायचा, ही त्यातली खरी कसोटी असते.

पदाबाहेरची सेवा किती फलदायी होऊ शकते, हे मराठी ख्रिस्ती इतिहासात दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये आणि दीक्षाविधी १९०४ मध्ये झाला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि भारतीय वळणाच्या ख्रिस्तभक्तीसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ मध्ये ते वारले. त्यांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांच्या सेवाकाळाचे सर्वांत जिवंत सिंहावलोकनही लक्ष्मीबाईंच्याच ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ती जबाबदारी उतरल्यानंतर त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रकाशित झाले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

प्रत्येकाला असे लेखन जमेलच असे नाही, आणि त्याची गरजही नाही. मिस्सेला किंवा उपासनेला मदत करणे, रुग्णालयात भेटी देणे, तरुण धर्मगुरूंना सल्ला देणे आणि मंडळीच्या आठवणी नोंदवून ठेवणे ही कामे निवृत्त धर्मसेवक सहज करू शकतात. यांतले शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. चर्चच्या वह्यांत तारखा असतात. त्या तारखांमागची माणसे निवृत्त धर्मसेवकालाच ठाऊक असतात. त्यांच्या आठवणी वेळीच लिहून घेतल्या, तर मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास अधिक पूर्ण होईल.