हुबळीत एक रात्र

मुंबई-पुण्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला हुबळी ठाऊक असते ती स्थानक म्हणून. गाडी थांबते, धारवाडी पेढ्यांचा पुडा घेतला जातो, गाडी पुढे निघते. रस्त्याने जाणाऱ्यांनाही महामार्गाचा बायपास हुबळी आणि धारवाड या दोन्ही शहरांच्या बाहेरून पार करून देतो. 12 मार्च 2023 रोजी हुबळीच्या 1507 मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन झाले, गोरखपूरचा 1366 मीटरचा विक्रम मोडला आणि शहराचे नाव जगभर छापून आले. गाड्यांची कोंडी सोडवण्यासाठी हा फलाट उपयोगाचा आहे, त्याचे कौतुकही रास्त आहे. पण शहराची ओळख म्हणून तोच पुढे केला जातो तेव्हा काळजी वाटते. फलाट पाहायला दहा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी स्थानकाच्या बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या जवळ पोहोचलेल्या या जोडशहराकडे पाहुण्याला दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. येणाऱ्याला एक रात्र थांबवून घेणे हे मात्र इथे कुणाचेच काम नाही. जोवर ते कुणावर तरी सोपवले जात नाही तोवर विक्रम, कमानी आणि उत्सव यांवरच्या खर्चातून शहराच्या पदरात फारसे पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम करणारी संस्था जगात नवी नाही. 1896 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मिल्टन कारमायकल नावाच्या पत्रकाराने स्थानिक दैनिकात एक साधा मुद्दा मांडला. आपल्या शहरात अधिवेशनांना माणसे आपणहून येतातच. कुणी प्रयत्न करून बोलावले तर आणखी किती येतील? व्यापारी आणि हॉटेलवाले एकत्र आले, पूर्णवेळ माणूस नेमायचे ठरले, आणि त्यातून शहरांच्या पर्यटक ब्युरोंची परंपरा सुरू झाली. या मुद्द्यातला 'येतातच' हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. छोट्या शहराचा चांगला ब्युरो अनोळखी माणसाला दुरून ओढून आणण्याच्या फंदात आधी पडत नाही. जो आधीच आला आहे, मग तो लग्नाला असो, कोर्टात असो वा देवदर्शनाला, त्याचा मुक्काम एका रात्रीने वाढवणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट असते. कारण मुक्कामाला राहणारा माणूस खोली घेतो, दोन वेळा जेवतो, रिक्षा करतो, बाजारात फिरतो. म्हणून असा ब्युरो फेसबुकवरच्या पसंत्यांपेक्षा हॉटेलांत भरलेल्या खोल्या मोजतो. स्थानकावर माहितीची खिडकी चालवणे, वर्षभराच्या कार्यक्रमांची एकच यादी ठेवणे, रिक्षावाल्यांना आणि वाटाड्यांना शिकवणे, कुठले देऊळ किती वाजता उघडते याची खात्री करून ती छापणे, ही त्याची रोजची कामे. ती दिसायला किरकोळ, पण नेमकी हीच कुणी केलेली नसतात.

या दृष्टीने पाहिले तर सुरुवात जुन्या हुबळीपासून व्हायला हवी, कारण आपणहून येणारी माणसे तिथे आहेत. बिदरकडच्या चळकापुरात 1836 मध्ये जन्मलेले सिद्धारूढ स्वामी देशभर भ्रमंती करून जुन्या हुबळीत स्थिरावले आणि 1929 मध्ये इथेच समाधिस्थ झाले. त्यांच्या मठात जातपात विचारली जात नाही. महाशिवरात्रीचा रथोत्सव आणि श्रावणातला तळ्यातला जलरथोत्सव यांना उत्तर कर्नाटकाबरोबरच दक्षिण महाराष्ट्रातूनही गर्दी होते. हा भक्त मठात दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परतीची गाडी पकडतो. याच जुन्या वस्तीत चालुक्यकालीन भवानीशंकराचे देऊळ आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. 1673 मध्ये मराठ्यांच्या फौजेने लुटली ती हुबळीची पेठ हीच, तिथली इंग्रजांची वखारही त्या लुटीत सापडली, आणि कंपनी पुढे शिवाजी महाराजांकडे भरपाईचा तगादा लावत राहिली, हेही तो ऐकत नाही. पेशवाईत जुनी हुबळी फडक्यांकडे आणि नवी सांगलीकरांकडे होती. पहिली 1817 मध्ये आणि दुसरी 1820 मध्ये इंग्रजांकडे गेली. सांगलीहून येणाऱ्या भक्ताला आपल्याच संस्थानाच्या इतिहासाचे एक पान इथे आहे एवढे कळले, तरी तो दर्शनानंतर दोन तास या गल्ल्यांतून चालेल. त्यासाठी मोठे स्मारक नको. मठाच्या दाराशी कन्नड, मराठी, हिंदी आणि तेलुगूत छापलेला एक नकाशा आणि बोलता येणारा एक वाटाड्या पुरे.

मराठी माणसाला इथे थांबायला लावेल असे सर्वात मोठे कारण मात्र संगीताचे आहे, आणि ते आजवर जवळजवळ न वापरलेले आहे. पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्वांच्या नावाने महोत्सव भरतो. त्याच्या मांडवात बसणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना कुंदगोळ कुठे आहे ते सांगता येईल? रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे हे गाव हुबळीच्या अगदी जवळ, बेंगळुरूकडच्या रेल्वेमार्गावर आहे. पूर्वी ते जमखंडी संस्थानात होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथल्या नाडगीर वाड्यात मुक्कामाला असत. रामभाऊंना त्यांची तालीम मिळाली, आणि रामभाऊंकडे पुढे गदगचे भीमसेन जोशी शिकले. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला तालमीसाठी जात. गंगूबाईंचे देशपांडेनगरातले 'गंगालहरी' हे घर हुबळीतच आहे, उणकलला त्यांच्या नावाचे गुरुकुल आहे, आणि कुंदगोळात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. खाँसाहेब ज्या मिरजेत स्थायिक झाले तिथून निघून धारवाड, हुबळी, कुंदगोळ, गदग असा प्रवास आखला तर किराणा घराण्याचा अर्धा इतिहास रेल्वेच्या एका तिकिटात मावतो. वाटेत धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूरांचे घर आहे, साधनकेरीत द. रा. बेंद्रे यांचे घर आहे, आणि जी. ए. कुलकर्णींनी जिथे वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले व मराठीतल्या अजोड कथा लिहिल्या ते गावही धारवाडच. हे सगळे वेगवेगळ्या विश्वस्त संस्था, सरकारी खाती आणि कुटुंबे यांच्या ताब्यात आहे. प्रत्येकाच्या वेळा निराळ्या, सुट्ट्या निराळ्या. विखुरलेल्या मण्यांत दोरा ओवणारे कुणी नाही, आणि ब्युरोचे काम ते आहे.

असाच आणखी एक ठेवा हुबळीतल्याच बेंगेरीत आहे. 1957 मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या तिथल्या केंद्रात भारतीय मानकांनुसार राष्ट्रध्वज तयार होतात. सुतापासून शिलाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते, आणि नऊ ठरलेल्या आकारांतला सर्वात मोठा ध्वज 21 फूट लांब आणि 14 फूट रुंद असतो. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली, तेव्हापासून हातमागाच्या ध्वजाला बाजारात स्वस्त स्पर्धक उभा राहिला आहे. शाळांच्या सहलींना आणि पाहुण्यांना ठरावीक वारी हे काम नीट समजावून दाखवता आले, शेजारी विक्रीचे दालन असले, तर सूत कातणाऱ्या आणि शिवणाऱ्या बायकांच्या हाताला त्याचा थेट फायदा होईल. देशातल्या दुसऱ्या कुठल्या शहराला हे सहज जमण्यासारखे नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हंपी आणि बदामी इतक्या जवळ असताना उणकलचे चंद्रमौळेश्वर पाहायला कोण थांबेल? चंद्रमौळेश्वराचे देऊळ चालुक्यांच्या काळचे, चारही दिशांना दारे असलेले, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे. पण एकटे ते हंपीशी स्पर्धा करू शकत नाही हे मान्यच केले पाहिजे. मात्र स्पर्धा करायचीच नाही. बदामी शंभरेक किलोमीटरवर, लक्कुंडी सत्तरेक, दांडेली पाऊणशे. ज्याला हे सगळे पाहायचे आहे त्याला रेल्वे, विमानतळ, रुग्णालय आणि चांगले जेवण असलेले मुक्कामाचे शहर लागतेच. ते शहर हुबळी होऊ शकते, आणि मग संध्याकाळी उणकलचे तळे व देऊळ ही त्या मुक्कामाची जोड होते. हुबळी-धारवाडची 'चिगरी' बस उणकलवरूनच जाते, म्हणजे वाहनाचीही अडचण नाही. दुसरा आक्षेप असा की राज्याचे पर्यटन खाते आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे जिल्ह्याचे पर्यटन आहे, मग आणखी एक कचेरी कशाला? राज्याचे खाते राज्याची जाहिरात करते, आणि त्यात म्हैसूर-हंपी पुढे असणार हे योग्यच आहे. जिल्हाधिकारी पाऊसपाण्यापासून निवडणुकीपर्यंत सगळे सांभाळतात आणि दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. भवानीशंकराच्या देवळाचे दार दुपारी बंद का होते, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर कधीच येणार नाही, आणि येऊही नये.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. जुन्या हुबळीच्या गल्ल्या अरुंद आहेत, चंद्रमौळेश्वराला तर घरांनी चहूबाजूंनी वेढले आहे. 2010 च्या कायद्याने संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, त्यामुळे तिथल्या रहिवाशांना घर वाढवणे आधीच अवघड झाले आहे. त्यांच्या दारात बसगाड्या आणून सोडल्या तर पर्यटनाचा पैसा दुसऱ्याला आणि त्रास त्यांना, असे होईल. व्हेनिसने 25 एप्रिल 2024 पासून सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर 5 युरो प्रवेशशुल्क सुरू केले आणि मुक्काम करणाऱ्यांना त्यातून वगळले, ते याच अनुभवातून. हुबळी व्हेनिसच्या गर्दीपासून फार दूर आहे, पण धडा आधीच शिकता येतो. वस्तीतल्या लोकांना आणि मठाच्या विश्वस्तांना ब्युरोच्या कारभारात जागा हवी, एका वेळी किती माणसे आत न्यायची हे त्यांनी ठरवावे, आणि वाटाडे त्याच गल्ल्यांतले तरुण असावेत. पाहुण्यांसाठी कुणाचे घर हलवण्याची भाषा ज्या योजनेत असेल ती योजना नको.

राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकेतले ब्युरो बहुतेक हॉटेलच्या खोलीवरच्या स्थानिक करातून चालतात. आपल्याकडे राज्ये हॉटेलांवर लावत असलेला लक्झरी टॅक्स 1 जुलै 2017 पासून जीएसटीत विलीन झाला, त्यामुळे महापालिकेला तसा कर लावता येणार नाही. पण घटनेच्या बाराव्या परिशिष्टात सांस्कृतिक बाबींना उत्तेजन देणे हे नागरी संस्थांचे काम म्हणून नोंदवलेले आहे, तेव्हा 1962 मध्ये दोन्ही शहरांसाठी स्थापन झालेल्या महापालिकेने एक खोली आणि दोन पगार देण्यात कायद्याची अडचण नाही. उरलेला खर्च हॉटेलांनी, पेढेवाल्यांनी आणि वाहनवाल्यांनी वर्गणीतून उचलावा. फायदा आधी त्यांचाच आहे. तीन वर्षांनी हॉटेलांतल्या मुक्कामांचा आकडा वाढलेला नसेल तर कचेरी बंद करावी, ही अट पहिल्याच ठरावात लिहावी. धारवाडात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, आयआयटी आहे, दोन मोठी विद्यापीठे आहेत. तिथे कामासाठी येणाऱ्यांची संख्याच या प्रयोगाला पुरेशी आहे.

महापालिका ठराव करील तेव्हा करील. महाशिवरात्रीला किंवा श्रावणात सिद्धारूढांच्या दर्शनाला जाणाऱ्या मराठी वाचकांनी तोवर वाट पाहू नये. परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे काढा, सकाळी भवानीशंकराला जा, दुपारी कुंदगोळची गाडी पकडा, आणि हॉटेल सोडताना आपण कशासाठी थांबलो होतो ते मालकाला आवर्जून सांगा.